साठीची वाट

ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं रोज पहाटे तासभर पाण्यात डुंबणं ही चैनच. पण सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं सरकला की तलावावर कुणी कारण विचारत नाही.

आमचे अण्णा मात्र गारव्यासाठी येत नाहीत. त्यांना ‘मास्टर्स’ला उतरायचंय. मास्टर्स म्हणजे पंचविशीपुढच्या हौशी मंडळींच्या स्पर्धा. दर पाच वर्षांचा एक वयोगट. (आपल्याकडं महापालिकेच्या एका तलावाला मार्कंडेयाचं नाव आहे. कायम सोळा वर्षांच्या त्या ऋषीचा अर्ज इथं छाननीतच बाद झाला असता.)

अण्णा विहिरीत शिकलेले. पाठीला डबा, काठावरून मुटका. त्यामुळं पोहताना डोकं कायम वर, काठावरचे कपडे कुणी नेत नाही ना हे बघायला. डोकं वर राहिलं की पाय बुडतात आणि माणूस पाणी कापायचं सोडून ढकलत बसतो. “काका, डोकं आत!” नातवाच्या वयाचा कोच ओरडतो. मला विचाराल तर एवढी गोष्ट मनावर घ्यावी. निम्मी दमछाक तिथंच वाचते.

पण अण्णांना सेकंद हवेत. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर २२.४३ सेकंदांत मारले. तेवढ्यात अण्णांचा गॉगल जेमतेम डोळ्यांवर बसतो. अंतिम फेरीत वीरधवलचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, हे अण्णा घरातलं दुःख सांगावं तसं सांगतात आणि वर दोन प्लेट सुशीला खातात.

सध्या त्यांनी सराव थांबवून कागदपत्रं काढलीत. शाळेत गुरुजींनी रिवाजाप्रमाणं १ जून लावला, सालही पुढचं, १९६८. त्या चुकीनं नोकरी लांबली तेव्हा अण्णा गुरुजींना देवमाणूस म्हणायचे. आता तीच चूक त्यांना साठीच्या गटात जाऊ देईना. तिथं म्हणे गर्दी कमी असते, आणि नुकता साठीत आलेला म्हणजे गटातलं पोरगंच!

म्हातारी आई साक्षीला तयार आहे. कोयनेचा भूकंप झाला त्या डिसेंबरात अण्णा चांगले दुडुदुडु चालत होते, असं तिचं म्हणणं. अडचण एवढीच की वहिनींनी ते ऐकलं. लग्न ठरवताना वय कुठलं सांगितलं होतं, याची चौकशी आता घरी सुरू आहे.