चल्लस-आठ : एक परखड परीक्षण

जर्मनीत 1995 साली क्लाउस टॉयबरने काढलेल्या ‘कटान’चं खोकं मित्रमंडळींत उघडलं की जो तो एकदम मुत्सद्दी दिसू लागतो. डावपेचांचा खेळ म्हणे! शहाबादी फरशीवर खडूने आखलेल्या चल्लस-आठला हा मान नाही. तो आपला मे महिन्यातल्या दुपारचा पोरखेळ. माझं म्हणणं असं, की सोलापुरातलं कानडी घर ज्याला चौकाबारा म्हणतं आणि पूर्व भागातलं तेलुगू घर अष्टाचम्मा, तो हा पंचवीस घरांचा खेळ कटानच्या पंक्तीला बसवावा, तोही पाट-रांगोळीसकट.

पहिला आक्षेप ठरलेला : हा नशिबाचा खेळ, दान पडेल तसं चालायचं. अहो, फासे कटानमध्येही पडतात. ते महागड्या खोक्यातून येतात एवढंच. इथे चार फोडलेले चिंचोके. ते प्रामाणिक असतील, तर सोळा शक्यतांपैकी सहांत दोन पडतं. चार आणि आठ मात्र एकेकदाच. म्हणजे शत्रूच्या पुढे दोन घरांवर थांबणं हा आत्मघात, चार घरांवर थांबणं ही राजनीती. त्यात बहुतेक घरांचा दंडक असा, की एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत प्रवेश नाही. त्यामुळे सज्जन माणूस बाहेरच्या सोळा घरांना नुसत्या प्रदक्षिणा घालतो आणि बाकीचे फुलीच्या सुरक्षित घरांवर ठिय्या देऊन त्याला पापाची संधीच मिळू देत नाहीत. एवढं क्रौर्य नुसत्या नशिबाला जमत नाही.

नियमांचं पुस्तक नाही, हा दुसरा आक्षेप. खरं आहे. जोडी मारता येते का, यावर पट आखण्याआधीच पहिली लढाई होते. पण निवाडा करायला घरातली आज्जी असते, आणि तिचीच सोंगटी धोक्यात आली की कायद्यात पोटकलमही निघतं. आरडाओरड्याचं म्हणाल, तर “माझी सोड की बे, पुढच्या डावात तुझी सोडतो” हा तहच झाला. कटानमध्ये मेंढी देऊन वीट मागतात, त्याला आपण व्यापार म्हणतोच ना!

दोष एकच, शेवटाचा. शेवटची सोंगटी पिकायला नेमकं एक हवं असतं आणि ते सोडून सगळं पडतं. सोळांत चारदा एक पडतं, हे गणित त्या वेळी समजावायला जाऊ नये. चिंचोके खेळणाऱ्याच्या हातातच असतात आणि नेम त्याचा तापलेला असतो.