पावणेदोन तोळे कॉफी

खानदेशात कॉफी दोनच कारणांनी मिळते. घरात कुणी आजारी असलं तर, नाही तर कुणाचं लग्न असलं तर. आजारपणातली कॉफी दुधात उकळलेली, जायफळ उगाळून घातलेली असते आणि ती पिऊन माणूस गाढ झोपतो. लग्नातली कॉफी मात्र आधी बघायची आणि मग प्यायची. मांडवाच्या कोपऱ्यात, मठ्ठ्याच्या पिंपापलीकडे एक चकचकीत यंत्र उभं असतं. खाली गॅसची शेगडी, वर दाब दाखवणारी तबकडी, बाजूला वाकडी नळी. तिथला पोरगा स्टीलच्या मगात दूध, साखर आणि बाटलीतली कॉफी पावडर घेतो, मग नळीखाली धरून चावी फिरवतो. वाफेचा असा फुत्कार निघतो की मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजीही एकदा वळून बघतात. कपात अर्धा फेस, फेसावर चिमूटभर चॉकलेट पावडर. ही आमची एक्स्प्रेसो. वरपक्षाला दोनदा मिळते.

एवढ्यावर माझं उभं आयुष्य छान चाललं होतं. पण मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिने मला एका कॅफेत नेलं. माझ्यापुढे जो कप आला त्यात जेमतेम दोन घोट काळं पाणी होतं, वर तांबूस साय. मी ते संपवलं आणि वेटरला विचारलं, "बाकीची मागून येते का?"

मुलीने मान खाली घातली. मग हळू आवाजात समजावलं की खरी एस्प्रेसो एवढीच असते. बारीक दळलेल्या कॉफीतून नव्वदच्या वर तापलेलं पाणी नऊ बार दाबाने पंचवीस-तीस सेकंद ढकलायचं, बस्स. आता मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब, हे फळ्यावर लिहून लिहून माझा खडू झिजला. नऊ बार म्हणजे पाण्याखाली नव्वद मीटर खोल गेल्यावर जेवढा वाढतो तेवढा दाब. त्यातून पिण्यासारखं काही निघतं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. जळगावला परतताना माझं ठरलं होतं: मशीन घ्यायचं, पण शिक्षकाच्या पगारात बसेल असं.

आधी अभ्यास. वाफेच्या दाबावर कॉफी करायच्या यंत्राचं पेटंट तुरीनच्या अँजेलो मोरिओंदोने 1884 साली घेतलं. मग 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने त्यात सुधारणा केल्या. पण नुसत्या वाफेने दाब दीडेक बारच्या पुढे जाईना. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गॅजियाने तरफ लावली, तेव्हा कुठे आठ-नऊ बार मिळाले आणि कॉफीवर पहिल्यांदा ती तांबूस साय धरली. म्हणजे आमच्या लग्नातलं यंत्र अजून गॅजियाच्या आधीच्या, मोरिओंदो-बेझेराच्या काळात उभं आहे. हा शोध मी स्टाफरूममध्ये सांगितला. गणिताच्या सरांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

बायकोला पटवणं अवघड होतं, म्हणून मी धुळ्याचा आधार घेतला. तिचं माहेर धुळ्याचं. म्हटलं, तुरीनला मोरिओंदोने पेटंट घेतलं त्याच 1884 साली मैसूर संस्थानातले तरुण विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि तुमच्या धुळ्याला आले. तिथे दातर्तीला त्यांनी पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधला. पाण्याच्या दाबाचं काम हे तुमच्या मातीतलं आहे.

"त्यांनी कॉफीसाठी नाही बांधला," ती म्हणाली. "केवढ्याला आहे?"

जळगावात कुठलीही किंमत शेवटी सोन्यात बोलतात. मी म्हणालो, "आजच्या भावाने ग्रॅमभर." तिने कानातल्याला हात लावला आणि गप्प बसली. मी तो होकार धरला.

मिक्सर-गिझर विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो. एस्प्रेसोचं मशीन मागितलं तर विक्रेता खूश झाला. "केटरिंगचं ना, सर? किती पानांचं लग्न?"

"घरासाठी हवंय."

"घरचंच लग्न? मग आधी अभिनंदन."

शेवटी मशीन ऑनलाइनच मागवावं लागलं. स्वस्तात मशीन निवडणाऱ्याला दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. चार-पाच हजारांत मिळतं ते बहुतेक वाफेवरचं. त्याचा दाब साडेतीन-चार बार, म्हणजे ते लग्नातल्या यंत्राचं शिकलेलं भावंड. दहा-पंधरा हजारांत विजेच्या पंपाचं येतं. त्याच्या खोक्यावर '15 बार' किंवा '20 बार' असं ठसठशीत छापलेलं असतं. हा पंपाने गाठायचा जास्तीत जास्त दाब. कॉफीला नऊच लागतात. दुचाकीच्या काट्यावर 160 लिहिलंय म्हणून ती एरंडोलच्या रस्त्यावर तेवढी पळत नाही, तसंच हे. त्यापुढे गॅजिया क्लासिकसारखी नावं आहेत, पण त्यांचे भाव मी पगार झाल्याच्या दिवशीच बघायचो. मी मधलं घेतलं. खोक्यावरच्या वीस बारांना भुलून घेतलं हे वर्गात सांगितलेलं नाही.

मशीन साडेतेराशे वॅटचं. आलं त्याच दिवशी वीज गेली आणि मी ते इन्व्हर्टरवर लावून बघितलं. इन्व्हर्टरने एकदा किंचाळून पंख्यासकट सगळंच बंद केलं. मे महिना होता, बाहेर पंचेचाळीस. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ऊन सोसून आपणच निम्मं तापून आलं होतं. घरातल्या कुणी माझ्याशी बोलेना.

मग काटा. एका कपाला अठरा ग्रॅम कॉफी लागते आणि अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे झाला तर चव फिरते, असं वाचलं होतं. बारीक वजनाचा काटा जळगावात नाही मिळणार तर कुठे मिळणार? सराफ बाजाराजवळच्या एका काटेवाल्याकडे गेलो.

"सोन्यासाठी की चांदीसाठी?"

"कॉफीसाठी."

त्याने काट्यावरचं काचेचं झाकण काढलं होतं ते परत लावलं. "किती तोलायची?"

"अठरा ग्रॅम."

"पावणेदोन तोळ्याच्या वर झाली की." त्याने धंद्याचा प्रश्न विचारला. "घट किती धरता?"

"घट नाही. अठरा टाकले की छत्तीस निघतात."

काटेवाला खुर्चीतून उठला. आजूबाजूला बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "अठराचे छत्तीस? सर, बसा ना. चहा मागवतो."

पाण्याचं वजन धरून, हे मी त्याला चहा संपल्यावर सांगितलं. काट्याचे पैसे त्याने पूर्ण घेतले.

आता राहिलं दळण, आणि खरी गोम तिथे आहे. जाणकार म्हणतात, पैसे आधी ग्राइंडरला ठेवा, मशीनला नंतर. मिक्सरमध्ये कॉफी कुठे भुगा तर कुठे भरड होते आणि पाणी भरडीतून वाट काढून पळतं. चांगला ग्राइंडर जवळजवळ मशीनच्या किमतीचा. म्हणजे आणखी एक ग्रॅम. बायकोने ह्या वेळी कानातल्यालाही हात लावला नाही, नुसती बघत राहिली. आणि त्याच क्षणी मला माझा मेहुणा आठवला. त्याची धुळ्यात पिठाची गिरणी आहे.

स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची एक जाळी येते. तिच्या तळाला बाहेरून एकच सुईएवढं भोक असतं. त्यामुळे दळण कसंही असो, दाब आपोआप साठतो आणि वर फेस धरतो. नवशिक्यासाठी ती देवाची देणगी आहे. मी तिला 'खोटा फेस' म्हणून माळ्यावर टाकलं आणि एकेरी जाळी घेतली, जी फक्त नेमक्या दळणावर चालते. शिवाय दळलेली कॉफी काही मिनिटांतच सुगंध गमावते, असंही वाचलेलं. म्हणजे कॉफी गिरणीवर न्यायची तर मशीनही गिरणीवर न्यायला हवं. चिकमगळूरहून मागवलेल्या बियांचं पाकीट, काटा आणि मशीन मांडीवर घेऊन मी जळगाव-धुळे एसटीत बसलो. पारोळ्यापर्यंत शेजारच्या आजोबांना ते पोलिओच्या लसीचं यंत्र वाटत होतं आणि ते माझ्याशी फार अदबीने वागले.

मे महिन्यात धुळ्यातल्या गिरणीवर काय चालतं, हे मला कळायला हवं होतं. वर्षाचं तिखट. रांगेत मिरच्यांची पोती, काळ्या मसाल्याचे डबे, नाकाला पदर लावलेल्या बाया. माझं पाकीट बघून एकीने विचारलं, "हाई काय शे, भाऊ?" कॉफी म्हटल्यावर तिने एक बी उचलून दाताखाली धरली आणि थुंकली. "जळी गयी."

"दाजी, काळजी करू नका," मेहुणा म्हणाला. "गिरणी साफ करून देतो." त्याने मूठभर तांदूळ फिरवले, मग माझी कॉफी टाकली. खाली मैद्यासारखं मऊ पीठ आलं. त्याला हलकीशी लाली होती. पाकिटावर लिहिलं होतं की ह्या कॉफीत जांभूळ, गूळ आणि संत्र्याच्या सालीच्या छटा आहेत. मी ती लाली संत्र्याच्या खात्यावर मांडली.

गिरणीमागेच त्यांचं घर. ओट्यावर मशीन लावलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी घातलेले सासरे समोर खुर्चीत, मागे सासूबाई, दारात मिरचीच्या रांगेतली निम्मी गर्दी. मी अठरा ग्रॅम तोलले, जाळीत दाबले, दांडा अडकवला आणि बटण दाबलं. पंप घरघरला. थेंब येईना. पिठात पाणी शिरायलाच जागा नव्हती. पंपाचा आवाज चढत गेला, तसं मी गर्दीला दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे समजावून सांगू लागलो. अर्धं मिनिट, पाऊण मिनिट. शेवटी बटण बंद केलं आणि काय अडलंय ते बघायला दांडा फिरवला.

आतला सगळा दाब अजून तिथेच होता.

तो आवाज गिरणीपर्यंत गेला. कॉफीचा चिखल भिंतीवर, माझ्या चष्म्यावर आणि सासऱ्यांच्या धोतरावर एकाच वेळी पोचला. टोपीवर एकच ठिपका, बरोबर मध्ये. त्यामागून तिखटाची वाफ आली. पहिल्यांदा सासरे शिंकले, मग सासूबाई, मग दारातली गर्दी ओळीने. पदर डोळ्याला लावून सासूबाई म्हणाल्या, "जवाई, कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढत नाहीत." मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मेहुण्याचा नऊ वर्षांचा पोरगा मात्र मशीनच्या बाजूची वाफेची नळी न्याहाळत होता. "लग्नात असतं ना, तसलंच हे," तो म्हणाला आणि फ्रिजमधून दूध घेऊन आला. बाटलीतली कॉफी पावडर घरात होती, साखर होती. मी स्टीलचा मग नळीखाली धरला. फुत्कार निघाला आणि फेस वर आला. सासऱ्यांनी धोतर बदलून दोन कप घेतले. रांगेतल्या बायांनीही घेतले आणि एकीने बशीही चाटली. मशीन तिथेच ठेवून जा, असा आग्रह झाला. मी फार ताणून धरलं नाही.

उरलेलं लालसर पीठ टाकून द्यायला कुणाचा जीव होईना. रात्री शेवभाजी होती. रस्सा नेहमीपेक्षा काळा, दाट, आणि मागे जिभेवर राहणारा एक कडवटपणा. सगळ्यांनी परत परत वाटी पुढे केली. मेहुण्याने भाकरीने ताट पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजी, पुढच्या टायमाला किलोभर आणा. अन् थोडी जास्त भाजेल पाहिजे."