बंद करून चालू करू नका

आमच्या सोसायटीत कुणाचं इंटरनेट बंद पडलं की पहिली खबरदारी एकच, ते लिनक्सकाकांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. कानावर गेलं तर ते दुरुस्त होतं, त्याबद्दल वाद नाही. पण तुमची संध्याकाळ जाते, आणि नेट का बंद पडलं होतं हे तुम्हाला जन्मभरासाठी समजतं.

लिनक्सकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. काकांचा त्याला तात्त्विक विरोध आहे. 'लिनक्स हा नुसता कर्नल रे. भोवतीचं बरंचसं जीएनयूचं. म्हणायचंच असेल तर जीएनयू-लिनक्सकाका म्हणा,' असं ते बालवाडीतल्या पोरालाही समजावतात. पोरगं मान डोलावतं आणि म्हणतं, 'लिनक्सकाका, बॉल द्या.'

असा एक इसम हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. अंगात बर्म्युडा, वर कुठल्याशा जुन्या परिषदेचा विटका टी-शर्ट आणि किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह. त्या पेनड्राइव्हवर अख्खी डेबियन. सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले तरी ती बरोबर असते. न जाणो, यजमानांचा लॅपटॉप नेमका त्याच दिवशी सुरू होत नसायचा!

काका मूळचे बँकेतले. कारकुनीत नव्हे, कॉम्प्युटर विभागात. त्या काळी बँकांच्या शाखाशाखांतून एससीओ युनिक्स चालायचं. आत एक सर्व्हर, त्याला जोडलेली हिरव्या अक्षरांची टर्मिनलं आणि त्यांच्यासमोर चष्मा कपाळावर चढवून बसलेले कॅशियर. 'गिऱ्हाईक ताटकळायचं, पण सर्व्हर पडायचा नाही,' हे काका अशा सुरात सांगतात, की बँक गिऱ्हाइकासाठी असते याचा आपल्यालाही विसर पडावा. 2001 च्या सुमारास बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा काका बँकेतून बाहेर पडले. युनिक्स काही काकांमधून बाहेर पडलं नाही.

पुढे उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने घरपोच पाठवत, तेव्हा काकांनी गठ्ठ्याने मागवल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वाण म्हणून लुटाव्यात अशी सूचना त्यांनी काकूंना केली होती. काकूंनी त्यावर जे उत्तर दिलं ते त्यांच्या माहेरच्या वळणाचं होतं, इथे लिहिण्यासारखं नाही. 2011 मध्ये ती योजना बंद झाली. त्या सीड्या मात्र आजही आमच्या बाल्कन्यांतून कबुतरं हाकलायला टांगलेल्या आहेत आणि काका वर बघत सांगतात, 'ती डावीकडची 6.06 आहे. फार स्थिर आवृत्ती.'

आता त्यांच्या स्वभावाचं मूळ. कुठल्याही कंपनीच्या मदतकेंद्राला फोन करा, पलीकडचा मुलगा म्हणतो, 'सर, एकदा बंद करून चालू करून बघा.' हे वाक्य ऐकलं की काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. 'म्हणजे आधी प्रेत जाळा आणि मग पोस्टमॉर्टेमला डॉक्टर बोलवा!' रीस्टार्ट केलं की मेमरीत काय चाललं होतं, कुठला प्रोग्रॅम कुठे अडकला होता, सगळं पुसलं जातं. बिघाड जातो, पण कुठून आला होता ते न सांगता जातो. बिघाड गेलेला काकांना चालतो. न सांगता गेलेला चालत नाही.

स्वतःच्या घरी त्यांनी एक जुनाट डेस्कटॉप सर्व्हर म्हणून अखंड चालू ठेवलाय. 'अपटाइम' असं टाइप केलं की तो न थांबता किती दिवस चालतोय ते कळतं आणि तो आकडा काका पाहुण्यांना पाणी देण्याआधी दाखवतात. पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायची ती गुरुवारी, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतला. त्यावर सर्व्हर आणि राउटर आहे, पंखा नाही. गुरुवारी दुपारी काकू पेपरने वारा घेत बसलेल्या असतात आणि शेजारी तो सर्व्हर घुंऽऽ करत गार होत असतो. युनिक्सचं घड्याळ 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजतं आणि तो दिवसही गुरुवारच होता, यात काकांना काहीतरी संकेत दिसतो. बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रांवर ही मोजणी 19 जानेवारी 2038 ला, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरते. बाकीची म्हातारी माणसं नातवाच्या लग्नापर्यंत जगायचंय म्हणतात. काका म्हणतात, 'तेवढी एक सकाळ बघायचीय.'

निदानाची पद्धत ठरलेली. 'नेट बंद आहे' ही तक्रार ते दाखलच करून घेत नाहीत. 'नेट म्हणजे नक्की काय बंद आहे?' इथून उलटतपासणी सुरू होते. मग काळी खिडकी उघडते आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे अर्धवट मिटून काका पिंग टाकतात. पहिला पिंग स्वतःलाच, 127.0.0.1 ला. यंत्राने स्वतःला हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची. 'आधी आपण आहोत का ते बघायचं. शंकराचार्यसुद्धा इथूनच सुरुवात करतात.' आपण आहोत हे ठरलं की राउटरला पिंग, मग दूर कुठेतरी 8.8.8.8 ला, आणि सगळ्यात शेवटी एखाद्या साइटला तिच्या नावाने. आकड्याने हाक पोचते पण नावाने पोचत नाही असं दिसलं, की काकांच्या तोंडून निघतं, 'डीएनएस!' मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही ते इतके खूश नव्हते, असं काकू सांगतात.

उत्तर येईपर्यंत ते इतिहास सांगतात. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी 1983 च्या डिसेंबरात लिहिला, नाव सोनारच्या आवाजावरून ठेवलं. नावांवरून पत्ते शोधायची डीएनएसची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली तीही 1983 मध्येच. 'त्र्याऐंशी साल फार मोठं,' असं काका म्हणाले की समोरचा उत्साहाने कपिल देवचा विषय काढतो. 'हो, ते पण झालं त्याच वर्षी,' काका म्हणतात.

एकदा दुसऱ्या मजल्यावर असं झालं की पिंग जातोय, निरोप जातायत, पण बँकेची साइट म्हटली की अर्धी उघडून गपगार. घरमालक रडकुंडीला आले, आणि काका मात्र मधुचंद्राला निघाल्यासारखे दोन संध्याकाळी त्यांच्या घरी. अखेर कारण सापडलं. साधारण पाकीट 1500 बाइटांचं, पण त्या जोडणीत पीपीपीओईचं वेष्टण आठ बाइट खातं, म्हणजे आत जागा 1492 ची. छोटी पाकिटं सुखरूप जायची, भरलेली वाटेत अडायची. काकांनी राउटरमध्ये एक आकडा बदलला. 'आठ बाइट,' ते दारात चपला घालताना म्हणाले, 'फक्त आठ.' घरमालकांनी तोवर मोबाइलवरून सगळे व्यवहार उरकले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यांच्या पिढीच्या माणसाला खरा अपमान वाटतो तो नव्या पद्धतीच्या यंत्रांचा. पूर्वी डीएनएसचा पत्ता 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलीत लिहिला की संपलं. आता त्या फाइलीच्या माथ्यावर सूचना असते, की ही आम्ही बनवतो, तुम्ही हात लावू नका. काका हात लावतात. यंत्र पुन्हा आपलंच लिहितं. काका पुन्हा खोडतात. असं काही दिवस चाललं. प्रत्येक वेळी आधीची प्रत जपून ठेवायची हा बँकेतला शिरस्ता, त्यामुळे त्या फोल्डरमध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ डॉट जुनी, डॉट फारजुनी, डॉट दसरा आणि डॉट दसऱ्यानंतर अशी बिऱ्हाडं झाली. शेवटी चिडून काकांनी फाइलीला 'चॅटर'चं कुलूप लावलं. हे कुलूप असं, की ते असेपर्यंत खुद्द रूटलाही, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्यालाही, फाइलीतलं अक्षर हलवता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पत्ता बदलायची वेळ आली. काका रूट झाले, फाइल उघडली, बदलली, आणि यंत्र म्हणालं, परवानगी नाही. रूटला परवानगी नाही! काका ताठ झाले. त्यांनी काकूंना विचारलं, सुट्टीला आलेल्या भाच्याला विचारलं, आपल्यावर सायबर हल्ला झालाय असं जाहीर करून राउटरची वायर उपटली. मग जुन्या आज्ञांची यादी काढून तीत शोध घेतला, तर गेल्या वर्षीची त्यांचीच आज्ञा समोर उभी. दुसरा कुणी ओशाळला असता. काकांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. 'बघितलंस? लॉग होता म्हणून चोर सापडला!'

काकूंचं मत वेगळं आहे. त्याच घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर काकूंसाठी विंडोज आणि काकांसाठी लिनक्स असा दोघांचा संसार आहे. विंडोज मशीनच्या आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असं धरून चालतं, लिनक्स ते जागतिक वेळेवर ठेवतं. काका उठून गेले की काकूंचा पडदा साडेपाच तास मागे. सकाळी साडेनऊच्या गीतापठणाच्या ऑनलाइन वर्गाला बसाव्यात, तर यंत्र म्हणे पहाटेचे चार. 'आपण ग्रीनिचला राहायला गेलोय का?' काकूंनी विचारलं. काकांनी दोष कुणाचा हे समजावायला घेतलं. ते पहिल्या मुद्द्यावर असतानाच काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून फोनवरून वर्ग लावला.

काकांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं प्रकरण मात्र अख्ख्या इमारतीचं. केबलवाल्याने टेरेसवर एक स्विच ठेवलाय, त्यातून घरोघर वायरी उतरतात. एका रविवारी अर्ध्या इमारतीचं नेट गेलं. अर्ध्याचं चालू. आणि कुठलं अर्धं, याला काही धरबंध नाही.

सेक्रेटरींनी टेरेसवर जाऊन स्विच बंद करून चालू केला. आधी ज्यांचं बंद होतं त्यातल्या काहींचं सुरू झालं, ज्यांचं चालू होतं त्यातल्या काहींचं गेलं. सेक्रेटरी स्वतः पहिल्या गटातले, त्यामुळे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासह 'प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड' टाकून दिलं.

काका खाली पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसले, येणारीजाणारी पॅकेटं टिपणारं टीसीपीडम्प लावलं आणि मीटरच्या खोलीशेजारच्या मोकळ्या वायरीतून पत्ता मागितला. यंत्र जाळ्यावर आलं की ओरडून विचारतं, मला पत्ता कोण देतो? उत्तर एकाचंच यायला हवं, केबलवाल्याच्या सर्व्हरचं. काकांना दोन उत्तरं आली. एक 10 ने सुरू होणारं, केबलवाल्याचं. दुसरं 192.168.0 वालं, कुणाच्या तरी घरच्या राउटरचं. ज्याचं आधी पोचेल ते यंत्र घेतं. दुसऱ्याचं घेतलं की पत्ता मिळतो, पण पुढे जायला रस्ताच नाही.

त्या पोटभाड्याने पत्ते वाटणाऱ्याचा बारा अक्षरी हार्डवेअर क्रमांक काकांच्या हाती लागला. पहिली सहा अक्षरं कंपनीची. तो क्रमांक राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो. मग काका भिंग घेऊन मजल्यामजल्यावर निघाले. ऐन मालिकेच्या वेळी बेल वाजायची, दारात काका. 'जरा राउटर उलटा करता का?'

सापडला पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे. परदेशातल्या नातवाने नवा राउटर पाठवला होता आणि आजींनी तो एकटीने जोडला होता, ही खरं तर कौतुकाची गोष्ट. फक्त बाहेरून आलेली वायर निळ्या भोकाऐवजी पिवळ्यात. 'पिवळी चार होती, निळं एकच,' आजी म्हणाल्या. 'एकच आहे म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार, कशाला हात लावा!' काकांना या तर्कात खोट काढता आली नाही. आजी वायर काढायला पुढे झाल्या तसे काका ओरडले, 'हात लावू नका! सेक्रेटरींना बघू दे.'

सेक्रेटरी जेवत होते. ते येईपर्यंत काकांनी आजींकडे थालीपीठ खाल्लं आणि निम्मी इमारत नेटविना बसली. मग पंचांसमक्ष वायर पिवळ्यातून निळ्यात गेली. यथावकाश, घरोघरच्या राउटरांची जुन्या पत्त्यांची मुदत संपत गेली तसं, सगळं सुरळीत झालं.

वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंद आली ती अशी: 'टेरेसवरील स्विच सेक्रेटरींनी तत्परतेने बंद करून चालू केल्याने इंटरनेट पूर्ववत झाले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.' काकांनी लेखी हरकत घेतली. श्रेय आजींना द्या, मला देऊ नका, पण कारण चुकीचं नोंदवू नका, असं म्हणून त्यांनी पॅकेटांच्या छापील प्रतींचं परिशिष्ट जोडलं आणि प्रत्येक पानावर सही केली.

पुढच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, 'दुरुस्ती वाचली असे समजून मंजूर करू या?' सगळीकडून 'मंजूर, मंजूर' झालं.

'समजून नव्हे,' काका उठून उभे राहिले, 'वाचून.' त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पॅकेटपासून सुरुवात केली. एकोणीस तास, सात मिनिटं, बारा सेकंद, आणि पुढे दशांश चिन्हानंतरचे सहा आकडे. चौथ्या पॅकेटाला मागच्या रांगेत बटाटेवडे वाटायला सुरुवात झाली होती.