आत, बाहेर, पुन्हा आत

कल्याण जंक्शनला लोहमार्ग फुटतो. एक फाटा उत्तरेला कसाऱ्याकडे, दुसरा दक्षिणेला कर्जतकडे. रेल्वेची माणसं याला ‘सेक्शन’ म्हणतात, आणि सेक्शन म्हटलं की भांडण आलंच. संध्याकाळच्या कर्जत फास्टमध्ये डोंबिवलीला उतरणारा चुकून चढला, तर त्याला दारातच विचारतात, ‘तुमच्यासाठी डोंबिवली लोकल सोडलीय ना?’ विचारण्यात राग कमी आणि तत्त्व जास्त असतं.

अमेरिकेतही उत्तर-दक्षिणेचं असंच एक प्रकरण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तापलं. त्यांना त्याचं भारी अप्रूप आहे. ग्रंथालयं भरतील इतकी पुस्तकं त्यावर लिहून झाली. ती वाचताना मला राहून राहून वाटतं, यांच्याकडे नुसता कापूस होता. आपल्याकडे सत्तावीस गावं आहेत.

सोनारपाडा, पिसवली, गोळवली, दावडी, निळजे, काटई, भोपर, घेसर, हेदुटणे... डोंबिवलीच्या पूर्वेपासून शिळफाट्याच्या रस्त्यापर्यंत आणि पलीकडे मलंगगडाच्या बाजूपर्यंत ही गावं पसरली आहेत. गावं आहेत तिथेच आहेत. हललेली आहे ती फक्त सीमा. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महापालिका झाली तेव्हा गावं आत होती. जुलै २००२ मध्ये ती बाहेर गेली. १ जून २०१५ रोजी पुन्हा आत आली. जून २०२० मध्ये त्यांतल्या अठरांना बाहेर काढून त्यांची ‘कल्याण उपनगर’ नावाची नगरपरिषद करायचं ठरलं, नऊ आतच राहिली. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली आणि अठराही परत आली. सहा महिनेसुद्धा बाहेर राहिली नाहीत. एखादी सासुरवाशीण माहेरपणाला याहून जास्त राहते.

आता अमेरिकेकडे पाहा, म्हणजे आपली प्रगती कळेल. १८१९ मध्ये तिथे गुलामगिरी असलेली अकरा राज्यं आणि नसलेली अकरा राज्यं, असा काटा बरोबर मध्ये होता. तेवढ्यात मिसूरीनं गुलामांसकट आत यायची परवानगी मागितली. वर्षभर काँग्रेसमध्ये गदारोळ झाला. शेवटी १८२० मध्ये तोडगा निघाला तो असा: मिसूरीला घ्यायचं, तोल राखायला मॅसॅच्युसेट्सचा एक तुकडा कापून मेन नावाचं राज्य करायचं आणि त्यालाही घ्यायचं, आणि पश्चिमेकडच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर एक रेघ ओढायची. रेघेच्या वर, मिसूरी सोडून, गुलामगिरी नाही. खाली चालेल. हेन्री क्ले यांनी हे सगळं जुळवलं, आणि पुढे असे आणखी तोडगे काढून ते ‘महान तडजोडकार’ या नावानं इतिहासात गेले.

त्याच वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे १५ लाख गुलाम मोजले गेले. रेघ कुठे असावी, हे त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं. बरोबरच आहे. रेघ ओढताना ज्यांच्या अंगावरून ती जाणार त्यांना विचारत बसलं, तर रेघ सरळ येत नाही.

गुलामगिरी आणि घरपट्टी एका तराजूत घालू नयेत, एवढं मलाही कळतं. मी गुलाम आणि गावकरी यांची तुलना करतच नाहीये. तुलना तडजोड करणाऱ्यांची आहे, कारण त्यांचं काम सगळीकडे एकच असतं: प्रश्न जागच्या जागी ठेवून त्याच्या भोवतीची सीमा हलवायची. अपूर्णांकांची आवडही दोन्हीकडे सारखीच. अमेरिकेच्या घटनेत गुलामाला मत नव्हतं, पण दक्षिणेच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरत. आपण सत्तावीसांतली अठरा बाहेर आणि नऊ आत, म्हणजे दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश, असा भाग दिला. बाकी शून्य. गणित म्हणून आपलंच सरस.

कराचं प्रकरण घ्या. १८२८ च्या आयातकरावर दक्षिण कॅरोलिना चिडलं. कर आमच्या खिशातून, फायदा उत्तरेच्या कारखान्यांना, अशी त्यांची तक्रार. सत्तावीस गावांतला मालमत्ता कराचा वाद ऐकलेल्याला हे वाक्य नव्यानं समजावून सांगायला नको. तर १८३२ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलिनानं जाहीर केलं, की देशाचा हा कायदा आमच्या हद्दीत रद्द आहे. अध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्य वापरायची परवानगी मागितली. पुन्हा क्ले धावले, कर हळूहळू कमी करायचं ठरलं, आणि मार्च १८३३ मध्ये कॅरोलिनानं आपला ठराव मागे घेतला. जाता जाता त्यांनी सैन्याच्या परवानगीचा कायदाही आपल्या हद्दीत रद्द करून टाकला. तोवर तो वापरायची गरजच उरली नव्हती. शेवटचा शब्द आपला असावा, एवढ्यासाठी रद्द केला. अशा राज्याला आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेत मानाचं पान मिळालं असतं.

या चळवळीचं वैचारिक टिपण जॉन कॅल्हून यांनी लिहिलं होतं. तेही निनावी, कारण त्या वेळी ते त्याच देशाचे उपाध्यक्ष होते. इथे मात्र मला अमेरिकन माणसाचा कच्चेपणा जाणवतो. कॅल्हून यांनी डिसेंबर १८३२ मध्ये खरोखरच राजीनामा दिला. २०१५ च्या कल्याण-डोंबिवली निवडणुकीत राज्याच्या सत्तेतले दोन भागीदार, शिवसेना आणि भाजप, समोरासमोर उभे होते. प्रचार संपता संपता एकनाथ शिंदे यांनी भर सभेत, मंचावरच मंत्रिपदाचा राजीनामा पक्षप्रमुखांच्या हाती दिला. राजीनामा मंचावर राहिला, मंत्रिपद मंत्रालयात राहिलं. १२२ जागांत शिवसेनेला ५२, भाजपला ४२ मिळाल्या आणि मग दोघे पालिकेतही एकत्र बसले. कॅल्हून यांना हे सुचलं नाही. ते कधीच अध्यक्ष झाले नाहीत. शिंदे २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले.

त्याच निवडणुकीच्या तोंडावर ६,५०० कोटींचं पॅकेजही जाहीर झालं होतं. त्या मानानं क्ले यांच्या तडजोडी फारच कोरड्या.

सभागृहाची शांतता हाही एक विषय आहे. १८३६ ते १८४४ या काळात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नियमच होता, की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आले की ते न वाचता, चर्चा न करता बाजूला ठेवायचे. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स खासदार म्हणून आठ वर्षं या नियमाशी झुंजत राहिले. आपण इतके असंस्कृत नाही. आपण आधी ‘हरकती व सूचना’ मागवतो, मुदत देतो, सुनावणी घेतो, पोच देतो. अ‍ॅडम्सना पोच मिळाली असती, तर ते कदाचित घरी गेले असते.

शेजाऱ्यांनीही आपल्याकडून काही घेतलं आहे. पारसिकच्या डोंगरापलीकडची चौदा गावं २००७ मध्ये नवी मुंबई महापालिकेतून बाहेर पडली आणि काही वर्षांनी पुन्हा आत जाण्यासाठी आंदोलनं करू लागली. अंबरनाथ-बदलापूरनं १९९२ मध्ये एकदाच बाहेर पडून नगरपालिका केल्या आणि गप्प बसले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

टीकाकार विचारतील, या आत-बाहेरच्या काळात चाळी आणि इमारती कुणाच्या परवानगीनं उठल्या, पाणी कुणी द्यायचं, कचरा कुणी उचलायचा? प्रश्न क्षुद्र आहेत. मिसूरीच्या तोडग्याला लोक ३४ वर्षं शहाणपणा म्हणत राहिले, १८५४ मध्ये तो मोडीत निघाला. मग १८६१ मध्ये युद्ध झालं आणि त्यात सहा लाखांहून अधिक माणसं मेली. आपल्याकडे फार तर टँकर येतो.

माझा एक मित्र या सत्तावीसांतल्याच एका गावचा. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आम्ही दोघं डोंबिवलीत आलो. छापखान्यातल्या पोरानं विचारलं, ‘काका, पत्त्यात महानगरपालिका टाकायची की ग्रामपंचायत?’ मित्रानं खिशातून जुनी पत्रिका काढली, त्याच्या स्वतःच्या लग्नाची, कडा झिजलेली. मु. पो. गावाचं नाव, ता. कल्याण, जि. ठाणे. ‘हेच टाक,’ तो म्हणाला. ‘आणि खाली मोठ्या अक्षरात लिही, पाण्याच्या टाकीजवळ.’

पोरानं विचारलं, ‘टाकीत पाणी असतं का?’

‘टाकी असते,’ मित्र म्हणाला.