जीप आणि जीपसारखी

मखमलाबाद रोडवर आमच्या इमारतीला लागून नानांचा बंगला आहे. त्याचा पत्ता सांगताना घरनंबर कुणी सांगत नाही. "सकाळी सातला जिथून धूर निघतो, ते घर," एवढं पुरतं. धूर बंबाचा नसतो, नानांच्या जीपचा असतो. महिंद्राची एमएम ५४०, मॉडेल १९८८. नाशिकला एमएच-१५ मिळायच्या आधीची, त्यामुळे पाटीवर अजून तीनच इंग्रजी अक्षरं आहेत आणि दर नवा पोलीस ती पाहून गाडी बाजूला घ्यायला लावतो.

नाना जीप चालवतात असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. नाना जीप सुरू करतात. चालवणं हा नंतरचा किरकोळ भाग. आधी बॉनेटवर एक थाप, मग चावी अर्धी फिरवून हीटर प्लग तापायची वाट बघायची. त्या वेळात नाना अथर्वशीर्ष म्हणतात. उन्हाळ्यात चार ओळींत काम होतं. थंडीत पूर्ण होतं. निफाडचा पारा किती उतरला हे कळायला आम्हाला पेपर लागत नाही. नाना फलश्रुतीपर्यंत पोचले की आम्ही मफलर काढतो. गाडी बंद करायलाही वेगळा स्टॉपर आहे, तो ओढून धरावा लागतो. नुसत्या चावीने बंद पडणाऱ्या गाडीवर नानांचा विश्वास नाही. "ती बंद होते की आपण करतो, कळत नाही," म्हणतात.

नाना ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. सगळा जन्म मिग विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये गेला, आणि त्यातून एक तत्त्वज्ञान पक्कं बसलं: यंत्राला वय नसतं, तास असतात. पार्ट बदलत जा, यंत्र तरुण. हे तत्त्वज्ञान त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना लावलं तेव्हा डॉक्टरही गप्प झाले होते. जीपचं मूळचं प्यूजो इंजिन, ज्याला नानांचा मिस्त्री 'पिजो' म्हणतो, दोनदा उतरवून झालंय. पत्रा तीनदा बदललाय. हूडची ताडपत्री किती वेळा शिवली ते काकूंना ठाऊक, कारण शिवलीय त्यांनीच. मूळ जीपमधलं आता नेमकं काय उरलंय, असं मी एकदा विचारलं. नाना विचारात पडले. मग म्हणाले, "हॉर्न. पण तो वाजत नाही."

जीपचं वय ते वर्षांत सांगत नाहीत, सिंहस्थांत सांगतात. "तीन सिंहस्थ बघितलेत तिने. चौथा तोंडावर आलाय." १९९१ला म्हणे याच जीपमधून अकरा जण आणि एक साधू रामकुंडापर्यंत गेले होते. साधू त्र्यंबकला जायला निघाला होता. नानांनी त्याला उलट्या दिशेला आणलं, पण जीपमध्ये बसलेल्या माणसाला बोललेलं ऐकू जात नाही.

एवढं ऐकून नानांना नव्या गाडीचं वावडं आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही नानांना ओळखलंच नाही. नाना गेली पाच वर्षं नवी गाडी घेत होते. नवी थार २ ऑक्टोबर २०२०ला आली, तेव्हापासून. आणि ही जखम साधी नव्हती. दिल्ली-चेन्नईच्या कुठल्या कारखान्यात बनली असती तर नानांनी सोडून दिलं असतं. पण थार बनते सातपूरला, इंजिनांचा कारखाना इगतपुरीत. म्हणजे आपल्याच गावात, आपल्या पंक्तीला बसलेल्या पोरांनी, आपल्या जीपची नक्कल करावी आणि आपल्याला विचारूही नये! तेच गोल दिवे, त्याच उभ्या पट्ट्या, तोच चौकोनी खोका.

आता जुन्या रूपात नवा माल विकायची ही साथ काही एकट्या जीपला लागलेली नाही. २०१८ला जावा परत आली, २०२०ला चेतक विजेवर परत आली. तिला नाना एकदा हात लावून आले होते. "नाव चेतक आणि आवाज नाही. घोडा आहे की मांजर?" काकूंच्या भाच्याने अमेरिकेतून एक फोटो पाठवला होता. गाडीमागे ओढायच्या घरासारख्या ट्रेलरचा, पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा, बाजूला पत्र्याचे पंख. तिथल्या शास्ता नावाच्या कंपनीने आपलं १९६१चं मॉडेल २०१५ साली जसंच्या तसं परत काढलं, आणि कंपनीचा जन्म १९४१चा म्हणून मोजून १९४१च नग बनवले. नानांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "आपल्याकडे आहे की." होता खरा. देवळालीला लिलावात घेतलेला जीपमागचा छोटा लष्करी ट्रेलर. नानांनी त्यावर ताडपत्री टाकून काकूंना एकदा भंडारदऱ्याला मुक्कामाला नेलं होतं. त्या रात्री पाऊस झाला. तेव्हापासून त्या ट्रेलरमध्ये गवती चहा लावलेला आहे आणि भंडारदरा हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नाही.

तर थार. शोरूममध्ये मी नानांबरोबर तीनदा गेलोय. तिथल्या पोरांना वाटायचं गिऱ्हाईक आलं. खरं म्हणजे परीक्षक आलेला असायचा. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यात चालायची खोली ६५० मिलिमीटर, डिझेल २.२ लिटर, अपघाताच्या चाचणीत चार तारे, हे पोराने सांगायच्या आत नाना सांगायचे. पहिली थार लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली हेही. "लोकांनी नवीला कोटी दिले, मग जुनीची किंमत काय धरायची?" यावर पोराकडे उत्तर नसायचं.

"सर, फुल लेगसी आहे या गाडीला," पोरगा म्हणाला.

"कोणाची?"

"महिंद्राची, सर."

"महिंद्रा अँड मोहम्मदची," नाना म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. १९४५ला लुधियानात महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली. फाळणी झाली, मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ला इकडच्या पाटीवर दुसऱ्यांदा महिंद्रा आलं. "एम अँड एम ही अक्षरं तीच राहिली. कळलं? मोहम्मद गेला, एम राहिला. याला म्हणतात पार्ट बदलून गाडी चालू ठेवणं." पोरगा भारावला होता. त्याने नानांना कॉफी आणून दिली, मग मॅनेजरला आणून दाखवलं.

मग प्रत्यक्ष पाहणी. "सर, याच्या फ्लोअरला ड्रेन प्लग आहेत. पाणी मारून धुता येतं."

"माझ्याही गाडीला भोकं आहेत. कंपनीने दिलेली नाहीत, मी कमावलीत."

"दाराच्या बिजागऱ्या बघा सर, बाहेर आहेत. क्लासिक लुक."

नानांनी बिजागरीवरून हात फिरवला. "आमच्या वेळी बाहेर असायच्या कारण आत ठेवणं परवडत नव्हतं. तुम्हाला परवडतं, तरी बाहेर ठेवल्यात. गरिबीची हौस म्हणतात ती हीच."

टेस्ट ड्राइव्हला आम्ही त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या बाजूला गेलो. काचा लावलेल्या, आत गारवा, आवाज नाही. नाना मात्र ओरडूनच बोलत होते. इतक्या वर्षांची सवय. स्टिअरिंग वळवताना अख्खं अंग वळवायचे, चढ आला की पुढे झुकायचे, जणू त्यांच्या झुकण्यावरच गाडी चढणार. गिअर पडला की दचकायचे, कारण पहिल्या प्रयत्नात पडायचा. परत आल्यावर पोराने विचारलं, "कशी वाटली सर?" नानांनी चावी परत केली आणि म्हणाले, "चांगली आहे." तो स्वर मी ओळखला. कांदेपोहे खाऊन झाल्यावर मुलाकडचे मुलीबद्दल असंच म्हणतात आणि नंतर पत्रिका जुळत नाही असा निरोप येतो.

घरी आल्यावर कारणं निघायची. एकदा रंग नव्हता. एकदा मॉडेल बदलणार होतं. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट मोडून शिरावं लागतं. काकूंनी स्वच्छ सांगितलं, "इतकी वर्षं पाट ठेवून जीपमध्ये चढले, आता या वयात बिळात नाही शिरायची." मग २०२४च्या १५ ऑगस्टला पाच दारांची थार रॉक्स आली, म्हणजे काकूंचा प्रश्न सुटला. नाना अस्वस्थ झाले. दोन दिवसांनी म्हणाले, "पाच दारं? त्याला जीप नाही, वाडा म्हणतात."

खर्चाचा मुद्दा काढून उपयोग नव्हता, कारण खर्च कुठे सापडतच नाही. पंधरा वर्षांनंतर गाडी दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदवायची असते. २००३, २००८, २०१३, २०१८ असं चार वेळा झालं. १ एप्रिल २०२२पासून ही फी ६०० वरून ५,००० झाली आणि काकूंना वाटलं, सुटलो. २०२३ला नानांनी पाच हजार भरले आणि येताना पेढे आणले. "पास झाली!" अख्ख्या गल्लीत वाटले. पेढ्यांचा खर्च काकूंच्या वहीत किराण्याखाली आहे. त्या वहीत नानांनी कित्येक वर्षं जीपचा खर्च किराण्याखालीच लिहायला लावलाय: तूरडाळ २ किलो, गूळ १ किलो, क्लच प्लेट १ नग, शेंगदाणे अर्धा किलो.

खरा घाव बसला तो पेट्रोल पंपावर. गंगापूर रोडला डिझेल भरत असताना एक कॉलेजचा पोरगा जवळ आला, जीपला दोन फेऱ्या मारल्या आणि अगदी आदराने म्हणाला, "काका, भारी मॉडिफाय केलीय थार. हे जुन्या लुकचं किट कुठून बसवलं?" नाना घरी आले ते बोललेच नाहीत. रात्री गॅलरीतून मला म्हणाले, "बापाला पाहून पोरगा विचारतो, हा तुमच्या मुलाचा वेश कुठून आणला." हे एक वाक्य सोडलं तर नानांना दुःखी झालेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणजे, २६ सप्टेंबर २०२५ सोडून. त्या दिवशी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. १९६३ला आलेलं विमान, बासष्ट वर्षं. नाना टीव्हीसमोर बसून होते. "बासष्ट वर्षं चालवलं आपण त्याला. माझी जीप तर सदतीसची. अजून पंचवीस आहेत तिला." काकू आतून म्हणाल्या, "आणि तुम्हाला?" त्या दिवशी जीप सुरू झाली नाही. आमच्या इमारतीत दोघांना ऑफिसला उशीर झाला.

चिरंजीव पुण्यात आहेत, हुशार आहेत. चारच दिवसांपूर्वी जीएसटी उतरला होता, वडील शोकात होते, अशी वेळ परत यायची नाही हे त्यांनी ओळखलं. २७ तारखेला थार बुक केली, आणि दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, ती दारात. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली. नानांनी हार घातला, मग उरलेला अर्धा हार जीपला घातला. "ती मोठी आहे," म्हणाले.

पहिला प्रश्न जागेचा. शेड एकच. नानांनी जराही वेळ न घालवता थारला कडुलिंबाखाली उभं केलं. "हिला काय, पाणी मारून धुता येते. माझीला पाऊस सोसत नाही." पुढचे दोन-तीन महिने थार नुसती उभी होती, तिच्यावर पक्षी बसत. मग डिसेंबरच्या एका सकाळी जीपची बॅटरी बसली. अथर्वशीर्ष दोनदा होऊनही काही झालं नाही. नाना कंबरेवर हात ठेवून थारकडे बघत राहिले. पाच वर्षं ते शोधत होते ते कारण त्यांना त्या क्षणी सापडलं असावं. थार सुरू केली, जीपच्या नाकाला नाक लावून उभी केली, दोन वायरी जोडल्या, आणि सात वाजून दहा मिनिटांनी गल्लीत ओळखीचा धूर पसरला.

आता रोज तसंच चालतं. थार जीपला उठवते. दुपारी थार जुन्या नाशकात जाते, जीपचे बुश, बेल्ट, ऑइल सील घेऊन येते. नाना थारबद्दल चांगलं बोलायला लागलेत. "कामाची आहे हो," म्हणतात.

परवा द्वारका चौकातून येताना त्यांना पाहिलं. भंगारवाल्याकडे त्यांना ५४०चा मूळचा सायलेन्सर मिळाला होता, अख्खा. मागे आडवा मावेना, म्हणून पुढच्या सीटवर ठेवला. वजन पडताच पट्टा लावा म्हणून गाडी ओरडायला लागली, तेव्हा नानांनी सायलेन्सरला पट्टा लावला होता. त्यांच्याबरोबर बाजारात गेलेल्या काकू रिक्षाने आल्या.