काळ्या वाटीच्या नादी कसे लागावे

आधी वाटी उलटी करा. त्यात चहा असेल तर तो पिऊन मग. म्हैस घेणारा शिंगं सोडून कास बघतो, तसा जाणकार चकाकीला भुलत नाही, बूड बघतो. ते कोरं हवं, खरखरीत, लोहाने काळपटलेलं. वरची झिलई ओघळत येते आणि बुडाच्या जरा अलीकडे जाड कड होऊन थांबते. एखादा थेंब तर गोठून तिथेच लोंबत राहिलेला असतो. तो आणखी बोटभर खाली आला असता, तर वाटी ज्या मातीच्या डब्यात भाजायची त्यालाच चिकटली असती. त्या थेंबावर अंगठा फिरवा आणि 'वाऽ' म्हणा. कारण विचारलंच, तर पुढे वाचा.

ही वाटी चीनच्या फुजियान प्रांतातल्या जियानयांगची. डोंगरउतारावर चढत गेलेल्या, शंभर मीटरहून लांब भट्ट्यांत सुमारे १३०० अंशांना ती भाजत. त्या धगीत झिलईतून ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात आणि लोह वर आणतात. लोह ठिपक्याठिपक्यांनी राहिलं तर 'तेलाचे थेंब', ओघळलं तर 'सशाची लव'. कुंभाराने भट्टीचं तोंड बंद केलं की पुढचं अग्नीच्या मर्जीवर.

जपानी लोक हिला 'तेनमोकू' म्हणतात. त्यांच्या भिक्षूंनी ती तियानमू डोंगरावरच्या मठांतून नेली, म्हणून. म्हणजे हापूस देवगडचा आणि नाव वाशी मार्केटचं. चारचौघांत हे एकदा तरी सांगाच.

आता चहा. सुंग काळात चहाच्या वड्या दळून, गरम पाणी ओतून, घुसळून पांढरा फेस काढत. त्याच्या स्पर्धा लागत. ज्याचा फेस आधी विरून कडेला पाण्याची रेघ दिसली, तो हरला. पांढरा फेस काळ्यावर उठून दिसतो आणि जाड वाटी ऊब धरते, हे त्साय शियांग या अधिकाऱ्याने अकराव्या शतकात लिहून ठेवलंय. सम्राट हुइझोंगने तर ११०७ मध्ये चहावर ग्रंथच लिहिला. वीस वर्षांनी राजधानी गेली, सम्राट कैदेत गेला, ग्रंथ राहिला.

१३९१ मध्ये मिंग सम्राटाने वड्यांचा नजराणा बंद केला. पानांचा चहा आला, फेस गेला, वाटी बेकार झाली. जपानने मात्र इंद्रधनुषी झाक असलेल्या तीन वाट्या राष्ट्रीय ठेवा म्हणून जपल्यात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तेलथेंबी वाटी १ कोटी १७ लाख डॉलरला गेली. तुम्ही नवी घ्या. जियानयांगमध्ये अजून बनतात.

तिच्यात दुधाचा चहा ओतू नका. मी ओतला. साय धरली, सशाची लव दिसेनाशी झाली. मग आईने वाटी घासून विरजण लावलं. त्साय शियांग बरोबर होता: दही कवडीसारखं लागलं.