गाडी किती दाती?

लग्नात बायकोचं नाव घेताना मी तीनदा अडखळलो होतो. गेल्या वर्षी पाण्यावरची नाव घेताना मात्र एकदाही अडखळलो नाही. शेजारचे आजोबा कायमचे मुलीकडे फ्लोरिडाला निघाले होते आणि त्यांची सोळा फुटी अॅल्युमिनियमची बोट, मागचं इंजिन आणि खालचा ट्रेलर असं सगळं अडीच हजार डॉलरमध्ये देत होते. मी आत जाऊन चेकबुक आणलं. बायको घरात नव्हती, हे या व्यवहारातलं सगळ्यात मोठं भांडवल.

आम्ही राहतो मिनेसोटात. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तेवढीच मोजली तरी ती ११,८४२ भरतात. वरची अठराशे बेचाळीस इथल्या लोकांनी विनयापोटी सोडून दिली आहेत. अशा मुलखात बोट नसलेला माणूस म्हणजे पंढरपुरात राहून एकादशीला मटण खाणारा. कुणी काही बोलत नाही, पण बघतात.

आजोबांनी आपल्या ट्रकने बोट आमच्या दारात आणून लावली. साठ फुटांचा प्रवास. त्यानंतर पाच आठवडे ती तिथून हलली नाही, कारण आमच्याकडे होती एक टोयोटाची सेडान, आणि तिच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: ओढायची ताकद एक हजार पौंड. मी बोटीचा हिशेब मांडला. सांगाडा आठशे, इंजिन सव्वादोनशे, ट्रेलर चारशे, पेट्रोल, बॅटरी, नांगर, वल्ही, आणि बायको ‘थोडंसं खायला’ म्हणून जे घेते ते धरून सतराशे पौंड. म्हणजे पावणेआठशे किलो. म्हणजे अडीच हजारांच्या बोटीपायी आता पंचवीस हजारांची गाडी. आमच्याकडे याला घोड्याच्या नालेसाठी घोडा घेणं म्हणतात.

सल्ला मागितला नाही तरी मिळतोच. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मोदकांचा हिशेब ठेवणारे एक स्नेही लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी एक्सेलमध्ये चौदा गाड्या, अकरा निकष आणि प्रत्येक निकषाला गुण असं मांडून दाखवलं आणि उत्तर काढलं: मिनिव्हॅन. योगायोगाने त्यांच्याकडे मिनिव्हॅनच होती. “साडेतीन हजार पौंड ओढते,” ते म्हणाले. “तुझी बोट सतराशे. दुप्पट मार्जिन! शिवाय पाहुण्यांना एअरपोर्टवरून आणता येतं.” शेवटचा मुद्दा बायकोला पटला.

ऑफिसातला सहकारी म्हणाला, फोर्ड एफ-१५० घे. या मालिकेचे ट्रक १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपत आले आहेत, तेव्हा एवढे लोक काय वेडे आहेत का? मी बायकोला दाखवायला घेऊन गेलो. तिने एकदा बॉनेटकडे बघितलं, एकदा स्वतःच्या खांद्याकडे. दोन्ही एका उंचीला होते. “कोथिंबीर आणायला यातून जायचं?” एवढंच ती म्हणाली. ट्रकचा प्रश्न तिथे मिटला.

या सगळ्यात मे महिना उजाडला आणि सांगलीहून आण्णा आले. आण्णा म्हणजे माझे वडील. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर, आणि पंचवीस गळीत हंगाम कारखान्याला ऊस. एअरपोर्टवरून घरी आल्यावर त्यांनी नातीचा पापा घेतला, चहा घेतला आणि बोटीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ट्रेलरची पुढची दांडी दोन्ही हातांनी उचलून बघितली. मग जराशी खाली-वर झुलवली.

“उलाळ न्हाई,” ते म्हणाले. “बरी भरलीया.”

मी थक्क झालो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, ती उलाळ. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर. याच गोष्टीवर मी आठवडाभर व्हिडिओ बघत होतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर पडावा लागतो. कमी पडला तर हमरस्त्यावर साठ-सत्तर मैलांच्या वेगाने ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो आणि शेवटी शेपूटच कुत्र्याला हलवतं. जास्त पडला तर गाडीचा मागचा भाग बसतो. म्हणजे सतराशेपैकी एकशे सत्तर पौंड हुकावर. एक तब्येतीचा मामा गाडीच्या मागच्या बंपरवर बसून चाललाय असं समजायचं. आणि हा मामा नुसता ओढायच्या ताकदीत नाही, गाडीत माणसं आणि सामान मिळून जेवढं वजन चालतं त्यातही मोजायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर तो आकडा असतो. जाहिरातीतला मोठा आकडा काढताना गाडीत दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरतात. आमच्या घरी दीडशे पौंडांचं माणूस शेवटचं कधी दिसलं ते लग्नाच्या अल्बममध्ये बघावं लागेल.

“आण्णा, तुमचा ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा होता?”

“पन्नास.”

“आणि ऊस?”

“दोन ट्रॉल्या. पंधरा टन तरी.”

मग मी त्यांना सांगितलं की ही पाऊण टनाची बोट ओढायला इथे लोक तीनशे-चारशे हॉर्सपॉवरची गाडी घेतात. आण्णांनी बराच वेळ लॉनकडे बघितलं. “वढायला न्हाई घेत,” ते म्हणाले. “घाईला घेत्यात.” यात खोट काढता येईना. पन्नासचा ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने जातो. इथे मागे बोट असली तरी लोक शंभराच्या पुढे हाणतात. आणि गंमत अशी की मिनेसोटात तीन हजार पौंडांखालच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत. म्हणजे आपली बोट थांबवायची तीही आपल्या गाडीनेच. हे ऐकल्यावर आण्णा खुर्चीत पुढे सरकले. “मग वढती किती ते कशाला इचारतूयास? थोपवून किती धरती ते इचार. चढाला कुनाचाबी बैल वढतोय. उतारावर गाडी अंगावर घ्यायचा बैल येगळा.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर तळ्यावर आले. मिनिव्हॅनवाले स्नेही आपल्या बोटीसह येणार होते; प्रात्यक्षिक दाखवायला. तळ्यात उतरणारा काँक्रीटचा उतार असतो. त्यावरून ट्रेलर मागे-मागे पाण्यात नेऊन बोट तरंगवायची, आणि संध्याकाळी तिला ट्रेलरवर चढवून वर ओढायचं. उतरवणं झकास झालं. संध्याकाळी वर ओढताना मिनिव्हॅनची पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. उताराच्या खालच्या भागाला शेवाळ. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. मागे हुकावर मामा बसलेला, त्यात चढाने वजन आणखी मागे आलेलं, म्हणजे पुढची चाकं हलकी आणि तीच नेमकी जोर लावणारी. एक्सेलमध्ये शेवाळाचा रकाना नव्हता. शेवटी आम्ही चौघं बॉनेटवर पोटावर पडलो आणि गाडी वर आली. त्या अवस्थेतला आमचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर अजून फिरतो.

“हिथं उलाळच झाली की,” आण्णा अंग झाडत म्हणाले, “फकस्त गाडीची.”

तेव्हापासून गाडी निवडण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायला जायचे त्याच तयारीने. धोतर नव्हतं एवढंच. पहिली एसयूव्ही बघितली ती आरशासारखी चकाकत होती. विकणारा सीटच्या कातड्याबद्दल बोलत होता. आण्णांनी माझ्याकडून नाणं घेतलं, अंगातलं जर्किन जमिनीवर पसरलं आणि ते गाडीखाली गेले. टक्, टक्, टक्... मग एक आवाज आला तो टक् नव्हता. फसकन् असा काहीतरी होता. आण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर लोखंडाचा पापुद्रा होता, कुरडईसारखा. आमच्याकडे हिवाळ्यात चार-पाच महिने रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटाला लागून चासी आतून खातं. विकणारा म्हणाला, हे वरवरचं आहे. आण्णांनी तो पापुद्रा त्याच्याच टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून आम्ही निघालो.

अशा पाच झाल्या. सहावी टोयोटाची फोररनर, २०१४ ची. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ओढायला पाच हजार पौंड, खाली शिडीसारखी भक्कम चासी, मागे हुकाची सोय आधीपासूनच. ती अॅरिझोनातून आलेली होती, म्हणजे आयुष्यात मीठ बघितलेलं नाही. आतला डॅशबोर्ड मात्र असा की मुलगी म्हणाली, “हा आजोबांच्या वेळचा आहे का?”

“किती दाती?” आण्णांनी विचारलं.

“एक लाख दहा हजार मैल.”

“किलोमीटरात सांग.”

“पावणेदोन लाख.”

“म्हंजे जुळलाय.” बैलाचे आठही दात आले की तो जुळला. आदत खोंड देखणं असतं, पण पहिल्या घाटात त्याचे काय रंग दिसतील याची हमी नाही. जुळलेल्याचे सगळे गुण-अवगुण माहीत झालेले असतात. आण्णा परत खाली गेले. टक्, टक्, टक्. शेवटपर्यंत टक्. मग त्यांनी गिअरबॉक्सचं तेल बघायला सांगितलं. मी म्हटलं, या गाडीला ती कांडीच नाही, वर्कशॉपमध्ये वर चढवून बघावं लागतं. “मग चढवा,” ते म्हणाले. चढवली. ओढणाऱ्या गाडीत आधी तापतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि तापून तापून तेल करपलं की वास येतो. आण्णांनी तेल बोटावर घेऊन हुंगलं. विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ही आमची पद्धत आहे.

“किती देती?” हा प्रश्न शेवटी आलाच. मी शक्य तितक्या हळू सांगितलं, “लिटरला आठ. बोट लावली की पाच.”

आण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला माहीत आहे. गावातली वीस देणारी मारुती. “खातंय लई,” ते म्हणाले, “पर पाय चांगलं हायत.” भाव करताना त्यांनी सवयीने खांद्यावरचा टॉवेल विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच होतो, तोंडाने नाही. तो तरुण पोरगा इतका गोंधळला की त्याने स्वतःहून सातशे डॉलर कमी केले.

पुढच्या शनिवारी आम्ही तळ्यावर. खरं संकट अजून बाकी होतं: उलटं घेणं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो, आणि आपण सुधारायला गेलो की तो रुसतो. मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा गाडी आणि बोट यांचा काटकोन झाला. मागे सहा ट्रक थांबलेले, आणि त्यातले मिनेसोटन लोक हसतमुखाने हात करतायत. आपल्याकडे एव्हाना चार शिव्या आणि दोन मदतीला हात आले असते. इथे नुसतं ते हसू. घाम फुटला.

आण्णा उतरले. उताराच्या कडेला जाऊन, कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे राहायचे तसे उभे राहिले. “मागं वळून बघू नगं. आरसा बघ. हात चाकाच्या बुडाला धर. ट्रॉली जिकडं पायजे तिकडं हात न्हे. आन् जरा जरा. खुरपं नाही चालवायचं, आळता लावतूयास असं कर.” मग हाताची पाचही बोटं हलवत त्यांचा तो आवाज, जो मी लहानपणी रात्री दोन वाजता ट्रॉलीतल्या उसावर झोपून ऐकलेला: “आऽन दे, आऽन दे, आऽन दे... बास!” ट्रेलर सुतासारखा सरळ पाण्यात गेला. बोट तरंगली. मागच्या एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून दाद दिली.

मी धक्क्याला दोर बांधत होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, बोट बुटकी झाली.”

मिनेसोटात कायदा आहे: बोट रस्त्यावरून नेताना तिच्या बुडाचं बूच काढलेलं असलंच पाहिजे. झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले साठलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात, म्हणून. मी कायदा अक्षरशः पाळला होता. बूच गाडीतल्या कपहोल्डरमध्ये, आण्णांच्या सुपारीच्या डबीशेजारी होतं.

धावत गेलो, ट्रेलर परत खाली घातला, बोट कशीबशी त्यावर आणली. गॅलनभर पाणी आठ पौंडांहून जास्त. शंभर गॅलन शिरलं असेल तर बोटीचं वजन दीडपट. शेवाळावरची चाकं, मागे तळं, समोर चढ. मी गाडी चारही चाकांच्या लो गिअरला टाकली आणि पाय जरासा सोडला. फोररनर एकदा खाली बसली, आणि मग एक चाकही न घसरता, सावकाश, नांगर धरलेल्या जोडीसारखी वर निघाली. उतार संपल्यावर आण्णांनी बॉनेटवर दोन थापा मारल्या.

बुडाच्या भोकातून अंगठ्याएवढी धार पडत राहिली. पंधरा मिनिटं. मागचे सहा ट्रक, सहा हसू. टोपीवाला एक आजोबा उतरून आला आणि त्याने अतिशय आपुलकीने विचारलं, आज काही मिळालं का? मी आण्णांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी चवड्यांवर उभं राहून बोटीत नीट डोकावून बघितलं.

“थांब म्हनावं,” ते म्हणाले, “अजून गाळून व्हतंय.”